वेळ परत देऊ नका, चेंडू काढून घ्या
फुटबॉलच्या पंचांना आणि त्यांना घडवणाऱ्या पंच-समित्यांना खुले पत्र

पंच महोदय आणि महोदया,

सप्रेम नमस्कार.

मैदानात उतरताना तुमच्याकडे एक शिट्टी असते, खिशात दोन कार्डं असतात आणि मनगटावर घड्याळ असतं. वेळकाढूपणा रोखायची वेळ आली की यातलं सगळ्यात निरुपयोगी हत्यार तुम्ही आधी उचलता. ते म्हणजे घड्याळ. गोलरक्षक गोल-किकसाठी चेंडू सहा यार्डांच्या रेषेवर या टोकाला ठेवतो, मग विचार बदलून त्या टोकाला नेतो, मोजे वर ओढतो, लांबवर कुणाला तरी हात करतो. आणि तुम्ही मनगटावर बोट आपटून दाखवता. अर्थ असा, की ‘माझं लक्ष आहे, ही वेळ मी शेवटी वाढवून देईन.’ गोलरक्षक मान डोलावतो, कारण त्याला हवं ते मिळालेलं असतं. शिवाय पहिला इशारा झाला म्हणजे अजून एकदा-दोनदा चालून जाईल, हेही त्याला कळतं. फुटबॉलमध्ये याच्याइतकी पोकळ खूण दुसरी नसेल.

माझं म्हणणं एवढंच आहे की वाया गेलेली मिनिटं मोजून शेवटी जोडल्याने वेळकाढूपणा थांबत नाही. ज्याने वेळ काढला त्याच्याकडून चेंडू गेला, जागा गेली किंवा त्याच्या संघातला माणूस काही काळ बाहेर बसला, तरच तो थांबतो.

मिनिटं जोडण्याचा प्रयोग झालेला आहे आणि तो प्रामाणिकपणे झाला. 2022 च्या कतार विश्वचषकात फिफाच्या पंच-समितीचे प्रमुख पिएरलुइजी कोलिना यांनी पंचांना सांगितलं की दुखापती, बदली खेळाडू, गोलनंतरचा जल्लोष, सगळं नीट मोजा. इंग्लंड-इराण सामन्यात इराणच्या गोलरक्षकाच्या डोक्याला मार बसला तेव्हा पहिल्या अर्धात 14 मिनिटं वाढली, आणि दुसऱ्या अर्धात इराणने पेनल्टीवर गोल केला तो 90 नंतरच्या तेराव्या मिनिटाला. पुढच्या हंगामात, 2023-24 ला, इंग्लंडच्या प्रीमियर लीगनेही तोच धडा गिरवला. चेंडू प्रत्यक्ष खेळात असण्याची सरासरी वेळ साधारण 55 मिनिटांवरून 58 च्या आसपास गेली. हंगामाच्या तोंडावर कम्युनिटी शील्डमध्ये आर्सेनलच्या ट्रोसारने मँचेस्टर सिटीशी बरोबरी साधली ती 101 व्या मिनिटाला. म्हणजे वाढीव वेळेने कुणाचंच भलं झालं नाही असं नाही. पण सामने शंभर मिनिटांचे झाले, राफाएल वरानसारख्या खेळाडूने थकव्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली, आणि एवढा खटाटोप करून खऱ्या खेळात भर पडली ती तीनेक मिनिटांची. गोलरक्षकांची गोल-किक काही लवकर सुटू लागली नाही.

का नाही, हे मैदानावर तुमच्याइतकं जवळून कुणी पाहत नाही. एका गोलने पिछाडीवर असलेला संघ 70 व्या मिनिटाला पेटतो. लागोपाठ तीन कॉर्नर मिळतात. समोरच्या बचावफळीला चेंडू धड बाहेर काढता येत नाही, माणसं जागा चुकतात, एकमेकांवर ओरडू लागतात. गोल आता होणार असं सगळ्या मैदानाला वाटत असतं. नेमका तेव्हा त्यांचा मध्यरक्षक गवतावर बसतो. पोटरी धरतो. वैद्यकीय पथक आत येतं, बाकीचे दहा जण पाणी प्यायला रेषेवर जातात आणि प्रशिक्षक त्यांना नवी रचना समजावतो. दोन मिनिटं गेली. तुम्ही ती इमानदारीने टिपून ठेवता आणि 90 नंतर जोडता. पण त्या संघाने 70 व्या मिनिटाला जे गमावलं ते तुम्ही 93 व्या मिनिटाला कसं देणार? तो रेटा गेला, समोरच्यांना आलेली धाप गेली, उडालेला गोंधळ निवळला. परत आली ती नुसती मिनिटं. त्या मिनिटांतही कुणीतरी पुन्हा पोटरी धरतोच. चोराने पकडल्यावर पाकीट परत केलं, की त्याला सोडून द्यायचं असा कायदा असता, तर कुठला चोर कामधंदा बदलेल?

वाढीव वेळेचा जो आकडा फळ्यावर दाखवतात तो किमान असतो, तुम्ही तो वाढवू शकता, कमी करू शकत नाही, हे नियमातच आहे. तरीही पाच मिनिटांच्या वाढीव वेळेतली तीन मिनिटं वाया गेल्यावर शिट्टी बहुधा पाच मिनिटं आणि काही सेकंदांनीच वाजते. सामना आटोपायची घाई तेव्हा तुम्हालाही झालेली असते. माणूस म्हणून ते समजतं, पंच म्हणून समजत नाही.

आता दुसऱ्या खेळांकडे बघा. 22 नोव्हेंबर 1950 ला अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये एक सामना 19-18 असा संपला. फोर्ट वेन संघाने बलाढ्य मिनिआपोलिस लेकर्सविरुद्ध नुसता चेंडू धरून ठेवला होता. यावर उपाय म्हणून कुणी सामना लांबवला नाही. 1954 मध्ये 24 सेकंदांची मर्यादा आली. तेवढ्यात बास्केटवर फेक केली नाही तर चेंडू समोरच्याचा. खेळाचा चेहराच बदलला. कबड्डीत चढाईला गेलेला 30 सेकंदांत परतला नाही तर बाद होतो. वाया गेलेले सेकंद सामन्याच्या शेवटी जोडा, असं कुणाला सुचत नाही. क्रिकेट हा वेळ खाण्यात सगळ्यांचा थोरला भाऊ, पण त्यालाही शहाणपण आलं. सामना फीमधून दंड कापून वर्षानुवर्षं काही फरक पडला नाही. तेव्हा 2022 पासून आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीत षटकं उशिरा टाकणाऱ्या संघाला शेवटच्या षटकांत वर्तुळाबाहेर एक क्षेत्ररक्षक कमी ठेवावा लागतो. पुढे दोन षटकांमधल्या 60 सेकंदांसाठीही घड्याळ आलं: दोन ताकिदी, आणि तिसऱ्यांदा सरळ पाच धावा समोरच्यांना. आता कर्णधार षटकं संपवायला धावतात, कारण किंमत धावफलकावर दिसते.

आपल्या खेळालाही हे माहीत नाही असं नाही. 1992 चा युरो अंतिम सामना आठवा. डेन्मार्कने जर्मनीला 2-0 हरवलं, पण आघाडी घेतल्यावर चेंडू पुन्हा पुन्हा मागे गोलरक्षक पीटर श्मायकेलकडे जात राहिला. तो हातात घ्यायचा, सोडायचा, पुन्हा पास, पुन्हा हातात. त्याच उन्हाळ्यात बॅकपासचा नियम आला: सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घ्यायचा नाही. वेळ कशी मोजायची यावर त्यात अवाक्षर नाही. वेळ काढायचं साधनच काढून घेतलं. मुद्दाम दिला की चुकून लागला, यावर आजही कधीतरी वाद होतो, पण गोलरक्षकांच्या नव्या पिढ्या पायाने खेळायला शिकल्या त्या याच नियमामुळे. वेळकाढूपणाविरुद्धचा फुटबॉलमधला सगळ्यात यशस्वी उपाय कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी डोळे झाकून याचं नाव घेईन.

आणि सगळ्यात अयशस्वी? गोलरक्षकाचे सहा सेकंद. 2000 पासून नियमपुस्तकात असलेला हा नियम जगभरच्या पंचांनी मिळून जिवंत गाडला. पंधरा-वीस सेकंद चेंडू छातीशी धरून बसणं सगळ्यांना मान्य झालं. शिक्षा होती अप्रत्यक्ष फ्री-किकची, तीही पेनल्टी क्षेत्रात. म्हणजे गोलपासून दहा-बारा यार्डांवर अकरा जणांची भिंत आणि पाठोपाठ गदारोळ. एवढी मोठी शिक्षा द्यायला कुणी धजावेना, म्हणून कुठलीच दिली गेली नाही.

आणि ज्या दिवशी दिली त्या दिवशी काय झालं? 6 ऑगस्ट 2012, ओल्ड ट्रॅफर्ड, लंडन ऑलिम्पिकच्या महिला स्पर्धेचा उपांत्य सामना. क्रिस्टीन सिंक्लेअरच्या तीन गोलांच्या जोरावर कॅनडा अमेरिकेविरुद्ध 3-2 पुढे. कॅनडाची गोलरक्षक एरिन मॅक्लाउड चेंडू धरून उभी. अमेरिकेची अ‍ॅबी वॉम्बाक पंचांना ऐकू जाईल अशा आवाजात सेकंद मोजत होती. पंच क्रिस्टिना पेडरसन यांनी शिट्टी वाजवली आणि अप्रत्यक्ष फ्री-किक दिली. चेंडू कॅनडाच्या खेळाडूच्या हाताला लागला, त्यावर पेनल्टी, वॉम्बाकचा गोल, 3-3. जादा वेळेच्या अगदी शेवटी अ‍ॅलेक्स मॉर्गनच्या गोलने अमेरिका 4-3 जिंकली. नियमाच्या अक्षराने पेडरसन चुकल्या नव्हत्या. तरीही कॅनडाचा संताप मला पटतो, कारण तोवर तो नियम कुणी लावतच नव्हतं. इतकी वर्षं झोपलेला नियम ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात, त्यातही शेवटच्या दहा-बारा मिनिटांत जागा झाला, तर त्याला न्याय कोण म्हणेल? ही एकट्या पेडरसन यांची चूक नव्हती. त्याआधी ज्या ज्या पंचाने डोळेझाक केली, त्या सगळ्यांची ती जमा झालेली उधारी होती, आणि ती कॅनडाला फेडावी लागली.

म्हणूनच जुलै 2025 पासून झालेला बदल मला मोलाचा वाटतो. सहाचे आठ सेकंद झाले, शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून बोटांवर मोजून दाखवतो आणि शिक्षा म्हणून समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. मुदत वाढवली, शिक्षा हलकी केली, आणि नियम जिवंत झाला. आधीच्या चाचण्यांत शेकडो सामने झाले, पण प्रत्यक्ष कॉर्नर द्यायची वेळ बोटांवर मोजण्याइतक्या वेळाच आली, कारण हात वर गेला की गोलरक्षक चेंडू सोडायचे. त्याच उन्हाळ्यातल्या क्लब विश्वचषकात मामेलोडी सनडाउन्सच्या रॉनवेन विल्यम्सला हा कॉर्नर भोवला तेव्हा जगभरच्या गोलरक्षकांनी ते नक्की पाहिलं असेल. माझी भीती एकच आहे. पहिल्या हंगामात वर जाणारा हात दुसऱ्या हंगामात खांद्यापर्यंतच जाईल आणि तिसऱ्यात खिशात. सहा सेकंदांचंही असंच झालं होतं. कृपा करून मोजत राहा. थ्रो-इन आणि गोल-किकलाही उलटगणती लावायच्या दिशेने नियम-मंडळ निघालं आहे, आणि ते योग्यच आहे. थ्रो-इन घ्यायला उभा राहिलेला खेळाडू चेंडू टॉवेलने पुसतो, मग तो सहकाऱ्याला देऊन निघून जातो, सहकारी पुन्हा पहिल्यापासून पुसतो. त्याला पिवळं कार्ड दाखवा, हरकत नाही, पण थ्रो-इन त्याच्याकडेच राहणार असेल तर त्याने सौदा स्वस्तातच केला.

कार्डांचा विषय निघालाच आहे, तर 31 ऑगस्ट 2024 चा आर्सेनल-ब्रायटन सामना. आर्सेनलच्या डेक्लन राइसने समोरच्याची फ्री-किक होण्याआधी चेंडूला पायाने हलकं ढकललं, दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि तो बाहेर गेला. नियमाप्रमाणे अगदी बरोबर. फक्त त्याच सामन्यात आधी ब्रायटनच्या जोआओ पेद्रोने चेंडू जोरात लांब भिरकावला होता आणि त्याला काहीच झालं नव्हतं. आर्सेनलचा आरडाओरडा मला एरवी फारसा सहन होत नाही, पण त्या दिवशी तो साधार होता. पहिल्याला सोडलं की दुसऱ्याला पकडण्याचा तुमचा नैतिक अधिकार निम्मा होतो. चेंडू लाथाडणारा पहिला खेळाडू दहाव्या मिनिटाला सापडला तर दहाव्या मिनिटाला कार्ड. ‘एवढ्या लवकर कशाला, सामना बिघडेल’ हा विचार मनात येतो हे मला ठाऊक आहे. सामना बिघडतो तो 88 व्या मिनिटाच्या कार्डाने, कारण तोवर संघाला हवं ते पदरात पडलेलं असतं आणि कार्डाची किंमत उरलेल्या चार मिनिटांपुरतीच असते. दहाव्या मिनिटाला कार्ड मिळालेल्या बचावपटूला पुढची ऐंशी मिनिटं प्रत्येक टॅकल जपून करावं लागतं. एवढी धास्ती 88 व्या मिनिटाचं कुठलंच कार्ड घालू शकत नाही.

दुखापतींबद्दल जरा सांभाळून लिहितो. कोण खरंच लोळतोय आणि कोण नाटक करतोय, हे तुम्ही ओळखावं अशी अपेक्षा करणं अन्याय आहे. डोक्याच्या दुखापतीत तर शंकेचा फायदा दरवेळी खेळाडूलाच मिळायला हवा. पण खरं-खोटं ओळखायची गरज न पडणारा मार्ग आहे. अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरने 2024 पासून तो धरला: पंधरा सेकंदांहून जास्त पडून राहिलात आणि उपचाराला माणसं आत आली, तर दोन मिनिटं बाहेर. डोक्याची दुखापत, कार्डाला पात्र फाउल वगैरे अपवाद आहेत. ज्याला खरंच लागलंय त्याला दोन मिनिटं उपचार हवेच असतात. ज्याला लागलेलं नाही तो चौदाव्या सेकंदाला उठतो. तुम्हाला कुणालाच खोटारडा ठरवावं लागत नाही. बदली खेळाडूंचंही तिथे तसंच आहे. दहा सेकंदांत बाहेर पडला नाहीत, तर आत येणारा एक मिनिट रेषेवर थांबणार आणि तोवर तुम्ही दहा जण. 2019 पासून बदली होणाऱ्याने जवळच्या रेषेवरून बाहेर पडायचं असा नियम सगळीकडेच आहे, पण लांबच्या टोकाहून टाळ्या वाजवत, मिठ्या मारत, पंचांशी हस्तांदोलन करत येणारी स्वारी अजूनही दिसते. त्या हस्तांदोलनाला निदान तुम्ही तरी हात पुढे करू नका.

राहता राहिला गोलरक्षक. मैदानाबाहेर जाण्याची सक्ती त्याला नाही, त्यामुळे हल्ली संघाला श्वास घ्यायचा असला की बसतो तो गोलरक्षक. त्याचे हातमोजे निघतात आणि बाकीचे प्रशिक्षकाभोवती गोळा होतात. अशा वेळी बदल्यात एक मैदानी खेळाडू ठरावीक वेळ बाहेर जावा, ही सूचना नवी नाही, आणि मला ती रास्त वाटते. ती येईपर्यंत तुम्ही एक करू शकता: त्या ‘तात्पुरत्या मध्यंतरा’त खेळाडूंना मैदानातच थांबवा. प्रशिक्षकाचा वर्ग भरला नाही की गोलरक्षकाचं दुखणंही बहुतेक वेळा लवकर बरं होईल.

थोडं तुमच्याबद्दलही. कॉर्नर घ्यायला खेळाडू तयार असतो आणि तुम्ही सहा यार्डांत दोन धटिंगणांना जवळ बोलावून प्रवचन देता. ते सुटतात, पुन्हा एकमेकांना मिठी मारतात, तुम्ही पुन्हा शिट्टी वाजवता, पुन्हा प्रवचन. यात एकेका कॉर्नरची मिनिटं जातात आणि कुठल्याच खेळाडूला त्याचं कार्ड मिळत नाही. एकदा सांगा, दुसऱ्यांदा थेट शिक्षा करा.

जे वेळकाढूपणा नाही त्यावर मात्र हात उगारू नका, हीदेखील विनंती आहे. 89 व्या मिनिटाला चेंडू कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी नेऊन पाठीने अडवून धरणं बघायला कंटाळवाणं असेल, पण तो खेळ आहे. चेंडू खेळात आहे, काढून घ्यायची मुभा समोरच्याला आहे. तसंच मागे-मागे पास देत राहण्याचं. 25 जून 1982 ला हिखोनमध्ये पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी दहाव्या मिनिटाच्या गोलनंतर उरलेला सामना नुसता टाइमपास करून काढला आणि अल्जीरियाला विश्वचषकातून बाहेर घालवलं. त्या दिवशी पंच काय करू शकत होते? काहीच नाही. तो रोग वेळापत्रकाचा होता: अल्जीरियाचा सामना आदल्या दिवशीच संपला होता, त्यामुळे कुठल्या निकालाने आपण दोघेही पुढे जातो हे त्यांना आधीच ठाऊक होतं. गटातले शेवटचे सामने एकाच वेळी खेळवायला सुरुवात झाली तेव्हा तो बरा झाला. तुमच्या हद्दीत येतं ते चेंडू थांबलेला असतानाचं.

आता पंच-समित्यांसाठी. घड्याळ थांबवून 30-30 मिनिटांचे दोन अर्ध खेळवावेत, ही कल्पना नियम-मंडळाच्या 2017 च्या चर्चापत्रात होती आणि दर काही महिन्यांनी कुणीतरी ती पुन्हा वर काढतं. मला ती नको आहे. चेंडू बाहेर गेला की घड्याळ थांबणार असेल, तर थांबण्याचा अपराधच उरत नाही. 70 व्या मिनिटाला बसणारा तो मध्यरक्षक तेव्हा अधिकच निवांत बसेल, कारण ‘वेळ कुठे जातेय?’ असं तो तुम्हालाच विचारू शकेल. सामना दोन तासांचा होईल आणि जाहिरातदार तेवढे खूश होतील. शिवाय जिथे चौथा पंच नाही, फळा नाही, कधी रेषेवर साहाय्यकही नाहीत, अशा हजारो मैदानांवर एकटा पंच शिट्टीबरोबर घड्याळाचं बटणही सांभाळत बसेल. बोटांवर आठ मोजणं मात्र कुठल्याही मैदानावर जमतं.

तुमच्याकडे खरी मागणी वेगळीच आहे. दहाव्या मिनिटाला वेळकाढूपणाचं कार्ड दाखवणाऱ्या तरुण पंचाला तुमचे निरीक्षक सामन्यानंतर काय सांगतात? ‘जरा सबुरीने घ्यायला हवं होतं’ असं सांगून त्याचे गुण कापत असाल, तर पुढच्या सामन्यात तोही मनगटावर बोट आपटत उभा राहील. आठ सेकंदांना कॉर्नर देणाऱ्या पंचावर दोन्ही प्रशिक्षक तुटून पडतील तेव्हा तुम्ही त्याच्या मागे उभे राहणार का, की पुढचे दोन आठवडे त्याला चौथा पंच म्हणून बसवणार?

तेव्हा पुढच्या हंगामाआधीच्या शिबिरात एवढं करा. तुमच्या स्पर्धेत गेल्या वर्षी वेळकाढूपणासाठी जेवढी पिवळी कार्डं निघाली ती सगळी काढा आणि त्यांपुढे मिनिटं लिहा. पहिल्या अर्ध्या तासात किती निघाली आणि 85 व्या मिनिटानंतर किती, ते दोन आकडे सगळ्या पंचांसमोर फळ्यावर मांडा. आणि जमलं तर ते आम्हा प्रेक्षकांसाठीही जाहीर करा.

आपला,
नव्वद मिनिटांचं तिकीट काढणारा एक प्रेक्षक